लाकडी ठोकळे आणि बोलका लॅपटॉप: एक ते सहा वर्षांसाठी काय घ्यावं

खेळण्यांच्या दुकानात जाऊन ‘दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी, बुद्धीला चालना देणारं काहीतरी दाखवा’ म्हटलं, की काउंटरवर आधी येतो तो सेलवर चालणारा छोटा लॅपटॉप. बटण दाबलं की दिवे लुकलुकतात, ‘ए फॉर ॲपल’ ऐकू येतं, मग गाणं. खोक्यावर मेंदूचं चित्र. ठोकळे मागितले तर दुकानदार वरच्या फळीवरून एखादा संच धूळ झटकून काढतो. इथे परीक्षण मुख्यतः त्या वरच्या फळीवरच्या ठोकळ्यांचं आहे. लॅपटॉप तुलनेपुरता.

निकाल आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं मापांपुरतं वाचता येईल. एक ते सहा या वयात खेळण्यावर एकदाच बऱ्यापैकी पैसे घालायचे असतील, तर ते साध्या, बिनरंगी, एकमेकांच्या मापात बसणाऱ्या ठोकळ्यांवर घाला. बोलका लॅपटॉप भेट म्हणून आला तर असू द्या, पण पदरचे पैसे घालून आणू नका.

लॅपटॉपचं कौतुक करताना पालक हमखास म्हणतात, ‘तासभर हलत नाही हो तिथून, इतकं लक्ष देतो!’ गफलत इथेच होते. लक्ष वेधलं जाणं वेगळं आणि लक्ष लावणं वेगळं. अचानक दिवा लागला, आवाज झाला की मान तिकडे वळते. ही मेंदूची उपजत सोय आहे, ती तान्ह्या बाळातही असते, तिला शिकवावं लागत नाही. लक्ष लावणं म्हणजे मनात काहीतरी धरून, मधले अडथळे बाजूला सारून, त्याच कामावर टिकून राहणं. हे काम मुख्यतः कपाळामागच्या मेंदूच्या भागाचं, आणि तो भाग सगळ्यांत सावकाश घडतो. विशी अर्धी उलटेपर्यंत त्याची घडण चालू असते. पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या जवळजवळ ९० टक्के झालेलं असतं, म्हणून ‘आता काय ते झालं’ असा समज पसरला आहे. झालेला असतो तो आकार. पेशींमधल्या जोडण्यांची छाटणी आणि पक्की बांधणी त्यानंतरही वर्षानुवर्षं चालते, आणि रोज वापरात असलेल्या जोडण्या टिकतात. लॅपटॉपपुढे बसलेलं मूल दर काही सेकंदांनी नव्या आवाजाकडे ओढलं जातं. वापर होतो तो आयत्या सोयीचा. टिकून राहण्याचा सराव होतच नाही.

आता जरा जवळून बघा. मूल बटण दाबतं, गाईचा आवाज येतो, मूल वळून आजीकडे बघतं. आजी ‘अगंबाई, गाय आली! आपल्या…’ एवढं म्हणते न म्हणते तोच खेळणं पुढचं गाणं सुरू करतं. आजी थांबते. असं तीनदा झालं की आजी बोलायचीच बंद होते आणि वाटाणे सोलायला घेते. मुलाने वळून बघणं हे आमंत्रण होतं. भाषा शिकण्याची खरी वेळ ती, आणि खेळण्याने ती खाल्ली.

हे कुणाचं नुसतं मत नाही. अमेरिकेत ॲना सोसा यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचं घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. बोलक्या खेळण्यांशी खेळताना पालक मिनिटाला सुमारे ४० शब्द बोलले, कोडी-ठोकळे अशा साध्या खेळण्यांशी सुमारे ५६, आणि पुस्तक हातात असताना सुमारे ६७. मोठ्यांच्या आणि बाळाच्या बोलण्याची देवाणघेवाणही बोलक्या खेळण्यांसोबत कमी झाली. जोड्या थोड्या होत्या हे खरं, पण निष्कर्ष घरोघरी दिसतं त्याला धरूनच आहे. खेळण्याचं बोलणं माणसाच्या बोलण्याच्या जागी चालत नाही, हेही तपासून झालेलं आहे. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकली त्या बाळांना चिनीतले आवाज वेगळे ओळखता आले. तेवढाच वेळ पडद्यावरून किंवा नुसत्या ध्वनिफितीतून ऐकलेल्यांना नाही.

फ्लॅश कार्डांबद्दल एवढंच: चित्र दाखवून नाव वदवून घेणं ही परीक्षा आहे, खेळ नाही. दहा कार्डांपेक्षा स्वयंपाकघरातली एक खरी वांगी-भेंडीची पाटी चांगली.

ठोकळे मुके असतात, आणि त्यांचा पहिला गुण तोच. घरातल्या माणसांना बोलायला जागा राहते. दुसरा गुण असा की ठोकळा चूक लगेच दाखवतो आणि रागवत नाही. अडीच वर्षांचं मूल एक ठोकळा उभा करतं आणि त्यावर लांब ठोकळा आडवा ठेवायला जातं. एका टोकाला धरून ठेवला की तो कलंडतो. पुन्हा ठेवतं, पुन्हा कलंडतो. चौथ्या-पाचव्या वेळी हात टोकाकडून मध्याकडे सरकतो, ठोकळा डुलतो आणि राहतो. या दीड-दोन मिनिटांत मुलाने ‘वर ठेवायचं’ हे मनात धरून ठेवलं, तीच चूक पुन्हा करायची ओढ आवरली आणि पद्धत बदलली. लक्ष लावणं म्हणतात ते हेच. त्या वेळी शेजारच्या मोठ्या माणसाने हात पुढे करून ठोकळा नीट ठेवून दिला, तर सगळं फुकट गेलं.

माप हा ठोकळ्यांचा प्राण आहे, आणि बाजारातले निम्मे संच इथेच नापास होतात. आज जगभरच्या बालवाड्यांत दिसणारं माप न्यूयॉर्कच्या कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेचं; १९१४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या शाळेत हे ठोकळे वापरात होते. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि त्याच्या निम्मा जाड, म्हणजे आपल्याकडे साधारण १४ × ७ × ३.५ सेंमी. प्रमाण ४:२:१. अर्धा ठोकळा ७ सेंमीचा, दुप्पट २८ चा, चौपट ५६ चा. दोन अर्धे मिळून एक पूर्ण, दोन जाड्या मिळून एक रुंदी. मुलाला कुणी अपूर्णांक शिकवत नाही. भिंत पुरी करायला पूर्ण ठोकळा उरला नाही की ते दोन अर्धे शोधून आणतं. माप चुकलं की हे सगळं बंद पडतं. प्रत्येक ठोकळ्यात २ मिमीचा फरक असेल तर चार थरांत ८ मिमीचा होतो, छत एका बाजूला कलतं, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. या वयात तो समज फार महागात पडतो.

म्हणून दुकानात खोका उघडायला लावा. दोन अर्धे ठोकळे पूर्ण ठोकळ्यावर ठेवून टोकं बोटाने चाचपा. पायरी लागता कामा नये. मग आठ ठोकळे एकावर एक आडवे रचा आणि समोरून बघा. मनोरा एका अंगाला झुकत असेल तर कापणी गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नाही. लांबीपेक्षा रुंदी आणि जाडी जास्त बारकाईने तपासा, कारण लाकूड दमट हवेत फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेला. लांबीत जवळजवळ बदल होत नाही. नीट न सुकवलेल्या लाकडाचा संच उन्हाळ्यात बरोबर बसतो आणि कोकणच्या पावसाळ्यात बिघडतो तो यामुळेच. कडा हाताला बोचू नयेत इतपत, एक-दीड मिमी मारलेल्या असाव्यात. फारच गोलसर केल्या असतील तर बसायला सपाट जागा कमी राहते आणि ठोकळे घसरतात. गाठ आणि चीर असलेला ठोकळा बाजूला काढून बदलून मागा.

एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा चिकटवून-दाबून केलेल्या फळीचे, रंगीत ठोकळे घेऊ नका. दिसायला गुळगुळीत असतात, पण लाळेने आणि पाण्याने कोपरे फुगतात, मग भुसा सुटतो. एक इंची घन, त्यांवर एबीसीडी आणि चित्रं, हाही प्रकार फार विकला जातो. त्यात दोष असा की मोठ्यांचं बोलणं लगेच ‘बी कुठाय? दाखव बघू’ यावर येतं आणि बांधकाम मागे पडतं.

आयएसआय चिन्ह बघा. भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३, विजेच्या किंवा सेलवरच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाखकाम केलेल्या किंवा सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांवर चिन्ह नसलं म्हणून ती खोटी ठरत नाहीत. तिथे एकच प्रश्न विचारायचा: रंग कोणता? लाखेचा असेल तर उत्तम. साधा ऑइलपेंट असेल तर तीन वर्षांखालच्या, सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला देऊ नका. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) असावी असा नियम २०१६ साली झाला, पण सुट्या डब्यातल्या रंगाची खात्री कोण देणार? शिसं थेट मेंदूवर घाव घालतं, एकाग्रता आणि बुद्धी दोन्हींवर, आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी आढळलेली नाही. मेंदूच्या वाढीसाठी आणलेल्या खेळण्याच्या रंगातून शिसं पोटात जावं, यासारखी वाईट गोष्ट नाही. शंका असेल तर बिनरंगी घ्या.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी घशात अडकण्याची चाचणीही करा. प्रमाणित नळीचा व्यास ३१.७ मिमी असतो. तीत पूर्ण मावणारी वस्तू धोक्याची. ३.५ सेंमी जाडीचा ठोकळा तीत जातच नाही. संचातले बारके दंडगोल आणि मणी मात्र तपासून काढून ठेवा. लॅपटॉपवाल्यांनी सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते आत्ता उठून बघावं. बटणासारखा चपटा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

संचात आकारांची गर्दी नको, एका मापाचे नग भरपूर हवेत. ‘५० आकार’ असं लिहिलेल्या संचात प्रत्येकी दोन-तीन नग निघतात आणि घराची चौथी भिंत उभी राहत नाही. ६० ठोकळ्यांचा चांगला संच असा: पूर्ण २४, अर्धे १२, दुप्पट ८, चौपट ४, त्रिकोणी ६, दंडगोल ४, कमानी २. दीड वर्षाच्या मुलासमोर यातले बाराच ठेवा. तीन वर्षांना ४० लागतात, आणि चौथ्या वर्षी रस्ते, गोठे, पूल सुरू झाले की ६०ही कमी पडतात. भर घालायची ती पूर्ण आणि दुप्पट ठोकळ्यांची.

तयार संच परवडत नसेल तर ओळखीच्या सुताराकडून करून घ्या. बऱ्याचदा हेच सरस ठरतं. लाकूड शिवणीचं मागा. हलकं असतं, वाकत-फुटत नाही. सागवान चालेल, पण जड. आंबा नको, कीड लवकर लागते. रंधा मारून ७ × ३.५ सेंमीची पट्टी आधी तयार करून घ्यायची आणि मगच तुकडे पाडायचे, म्हणजे रुंदी-जाडी सगळ्यांची एक येते. लांबीसाठी करवतीला ठेपा (पट्टीचं टोक दर वेळी एकाच जागी अडवणारा ठोकळा) लावून कापायला सांगा, प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीची खूण करून नाही. खुणेवर कापलं की मिमी-दोन मिमी हटकून सरकतं. एक मीटर पट्टीतून सहा पूर्ण आणि एक अर्धा निघतो. हिशेबाने सात पूर्ण बसतात असं वाटतं, पण करवतीची ३ मिमी दर कापाला जाते आणि टोकं गुण्यात आणायला थोडं छाटावं लागतं. वरच्या संचासाठी, दंडगोल आणि कमानी सोडून, दहा मीटर पट्टी लागते. वाया जाणारं धरून सव्वा घनफूट लाकूड. शिवणीच्या पूर्ण ठोकळ्याचं वजन १६०-१७० ग्रॅम भरतं, सागवानाच्या २२० च्या आसपास. सागवानी चौपट ठोकळा पाऊण किलोच्या वर जातो, पायावर पडला तर नख काळं होतं, म्हणून चौपट तीन वर्षांनंतरच बाहेर काढा.

घासायचं काम घरी होतं. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ओल्या फडक्याने पुसून वाळवायचं. पाण्याने लाकडाची लव उभी राहते. ती २२० ने काढली की पुन्हा उठत नाही. ही पायरी गाळली तर पहिल्यांदा लाळ लागताच ठोकळे खरखरीत होतात. वर काही लावायची गरज नाही. लावायचंच असेल तर खाण्याच्या जवसतेलाचा अगदी पातळ हात द्या आणि आठवडाभर हवेशीर जागी सुकू द्या. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसतेल नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं मिसळलेली असतात. तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, पसरून वाळवा. गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेटू शकतं.

ठोकळे आणले आणि मूल खेळतच नाही, ही तक्रार सगळ्यांत जास्त येते. कारण बहुतेक वेळा घरात असतं. पहिलं म्हणजे चालू टीव्ही. मालिका आजी-आजोबांसाठी लावलेली असते, मूल तिकडे फारसं बघतही नाही, तरी खेळाचे तुकडे पडतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक ते तीन वर्षांची ५० मुलं खेळत असताना मागे मोठ्यांचा कार्यक्रम चालू ठेवला होता. मुलांनी पडद्याकडे बघितलं ते क्षणभरच, पण प्रत्येक खेळ लवकर सुटला आणि एकाग्र खेळण्याचा वेळ घटला. दुसरं कारण खेळण्यांची गर्दी. अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठातल्या २०१८ च्या अभ्यासात १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी दिली. ४ असताना मुलं प्रत्येकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. ठोकळे काढताना बाकीचं कपाटात टाका. तिसरं, ठोकळे पोत्यात किंवा मोठ्या टबात कोंबलेले असतात. बुटक्या फळीवर, लांब बाजू दिसेल असे, मापाप्रमाणे लावा. संचाचं वजन दहा-बारा किलो होतं, तेव्हा फळी भक्कम हवी. आणि खाली गादी किंवा जाड गालिचा नको, मनोरे कलतात. फरशीवर पातळ चटई पुरे. खालच्या मजल्यावरच्यांची झोपही मोडत नाही.

मोठ्यांनी काय करायचं? शेजारी जमिनीवर बसायचं आणि दिसतं ते बोलायचं. ‘हा आडवा ठेवलास. त्याला टेकू दिलास. आता आत कोण राहणार?’ मग पाच-सात सेकंद खरंच गप्प राहायचं. लहान मुलाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो. वर, खाली, मधोमध, आडवा, उभा, तिरका, अर्धा, दुप्पट, तोल, उंबरा, ओटा, कमान, माळा, जिना: एवढे शब्द एका दुपारी सहज येतात, तेही मराठीत, हाताखाली वस्तू असताना. दर ठोकळ्याला ‘शाब्बास’ म्हणू नका. मूल ठोकळ्याऐवजी तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं.

वयाप्रमाणे काय अपेक्षा ठेवावी ते न्यूयॉर्कच्या बालशिक्षिका हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्येच टप्प्याटप्प्याने मांडलं, आणि तो क्रम अजून वापरात आहे. आधी नुसती ने-आण. तोही खेळच आहे, त्याला ‘काही करत नाही’ म्हणू नका. मग ओळी आणि मनोरे, मग दोन ठोकळ्यांवर तिसरा टाकून पूल, मग चारी बाजूंनी बंदिस्त जागा, मग नक्षी, नावं आणि शेवटी खरोखरचं गाव. दोनाच्या आसपास सहा छोट्या घनांचा मनोरा, तीनला तीन घनांचा पूल, अशा खुणा बालरोगतज्ज्ञही बघतात. महिना-दोन महिने इकडेतिकडे होतं. पण दीड वर्षापर्यंत मूल बोट दाखवत नसेल, हाक मारली तरी वळत नसेल, किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, तर खेळणी बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयांमधल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी मोफत होते.

आता ठोकळ्यांच्या खोक्यावरच्या दाव्यांबद्दल. ‘एकाग्रता वाढवणारे’ असं लिहिलेलं असतं. २००७ मध्ये दिमित्री क्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या काही घरांत ठोकळे आणि खेळायच्या सूचना पाठवल्या, काही घरांत लगेच पाठवल्या नाहीत. सहा महिन्यांनी ठोकळेवाल्या मुलांची भाषा सरस आढळली. लक्ष देण्याच्या मोजमापात मात्र ठळक फरक नव्हता. या अभ्यासाला पैसा ठोकळे बनवणाऱ्या कंपनीचा होता, हेही लक्षात ठेवावं. ठोकळे हे औषध नाही. टिकून राहण्याचा सराव करायला ती जागा आहे, आणि ती जागा रोज मोकळी ठेवावी लागते. ठोकळ्यांऐवजी दुसरं काही त्या जागी बसू शकतं का? नक्की. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या अंगणवाड्यांत शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवरच शिक्षणाची साधनं उभी केली. तीन वर्षांनंतर, मूल वस्तू तोंडात घालायचं थांबलं की, चिंचोके आणि करवंट्याही तेच काम करतात. लॅपटॉपला ते जमत नाही.

देखभाल थोडीच आहे. भिजवून धुवायचे नाहीत. ओल्या फडक्याने पुसून लगेच सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले तर चिरा जातात. पावसाळ्यात फळी भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, नाहीतर मागच्या ठोकळ्यांवर बुरशी धरते. कोपरा उडाला तर १२० ने घासून २२० चा हात द्यायचा. मूल चार वर्षांचं असेल तर पॉलिश पेपर त्याच्याच हातात द्या.